शेवटचं कडवं

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. माणसाने जीव ओतून एक गोष्ट घडवली. ती जगवायची तर तिच्यावरचं आपलं नाव पुसावं लागतं, आणि नाव ठेवायचं तर ती मरते. काय ठेवाल? बापूसाहेब, मान डोलवू नका — अजून पेच सांगितलाच नाही!

ऐका. युरोपात पोलंड नावाचा देश. बांध कोरत कोरत भाऊबंद शेत गिळतात ना? तसा शेजारच्या तीन राजांनी तो देश गिळला! लोकांनी बंड केलं, ते मोडलं. बंडाची गाणी रचणारा एक कवी पळून पॅरिसला आला. त्याला सेवेरिन म्हणू. पोटासाठी काम मिळालं ते नकाशे रंगवण्याचं! रोज कुंचला बुडवायचा आणि आपल्याच गावावरून परक्या राजाचा रंग फिरवायचा. हात कसा चालला असेल हो?

म्हातारपणी एकच आस उरली. कवितांचं पुस्तक छापायचं, चोरवाटेने मायदेशी धाडायचं. पहिल्याच पानावर लाडकं गाणं —

नदीवर चौकी बसवाल, राजे,
धुक्याला बेडी घालाल काय?

आपल्या संतांसारखं त्यानेही शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफलं होतं. देश काही आता दिसत नाही. निदान नाव तरी घरी पोचेल!

अशात मायदेशाहून नुकतीच आलेली तेक्ला नावाची बाई खाली अंगणात धुणं पिळत होती. पिळता पिळता गुणगुणत होती — तेच गाणं! म्हातारा जिना उतरून धावला. गाणं रंगलं, आणि मध्येच थांबलं.

"अगं, पुढचं म्हण की!"

"पुढे काही नाही, आजोबा."

"आहे! आणखी एक कडवं आहे!"

"होतं म्हणतात," ती चादर झटकत म्हणाली. "त्यात कुणा पळून गेलेल्या बंडखोराचं नाव होतं. त्यापायी आमच्या मास्तरांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत. मग आम्ही बायकांनी ठरवलं — नाव काढा, गाणं ठेवा. पोलिसांना सांगितलं, आजीच्या आजीचं आहे. आता लग्नात फौजदार स्वतः ठेका धरतो!"

"आणि त्या माणसाला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे की! तो आहे तिकडे सुखरूप. गातोय आम्ही!"

अशी सणसणीत बसली! म्हातारा रागाने लाल झाला. आणि मग हळूच छाती फुगली — ज्या राजाने बंड चिरडलं, त्याचाच फौजदार माझ्या गाण्यावर पाय आपटतोय!

पण पेच बघा. पुस्तकात गाण्यावर नाव छापलेलं. एक प्रत त्या फौजदाराच्या हाती पडली की अख्खं गाव गजाआड!

सेवेरिन छापखान्यात गेला, मालकाला म्हणाला, "फाबियन, पहिलं पान काढ."

"पान सेवेरिन," — पान म्हणजे त्यांच्याकडचं 'राव', चुना-कात शोधू नका! — "त्या गाण्याशिवाय पुस्तक घेणार कोण? मी नाही छापणार."

"मग नको छापूस."

"तुम्ही कवी होतात, हे कळणार कसं कुणाला?"

"कुणाला नाही कळलं तरी चालेल. फौजदाराला कळता कामा नये!"

पुस्तक निघालंच नाही. कोणी म्हणेल, बुवा, मग तुम्हाला त्याचं नाव कसं कळलं? अहो, नाव मीच ठेवलंय! खरं कुणालाच ठाऊक नाही.

पुढे तिथेच पॅरिसात तेक्लाच्या लेकीचं लग्न लागलं. मायदेशाहून नव्याने आलेल्या तरण्या पोरांनी ते गाणं धरलं. शेवटचं कडवं म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं — आणि त्याने गिळलं.

एक तरुण हसला. "आजोबा, तुम्हाला येत नाही वाटतं? परदेशात राहून विसरलात सगळं! या, शिकवतो."

म्हातारा उठला. कुठल्या सेनापतीची नसेल अशी ताठ मान! म्हणाला, "शिकव, बाबा. पहिल्या ओळीपासून शिकव." आणि भर मांडवात तो आपलंच गाणं त्या पोराच्या मागून म्हणत राहिला!

आता तुमच्याकडे वळतो. समई दिली, खाली नाव. पायरी बसवली, तिच्यावर नाव — लोक पाय देतात त्याच्यावर, तरी हौस! मंडळी, तुम्ही लावलेल्या झाडाचा आंबा कुणी तुम्हालाच आणून देईल आणि म्हणेल, खाऊन बघा, आमचा आहे. 'झाड मी लावलं' म्हणायला जीभ शिवशिवेल. तेव्हा ती आवरा, आंबा गोड आहे म्हणा.

आणि जमलं, तर मला सांगायला मात्र येऊ नका!