करार कोणाच्या नावावर

मालक : ते सगळं ठीक आहे ताई, पण पगाराची स्लिप?

मुलगी : पगारच नाही, तर स्लिप कुठली? मी नाटकांचे आणि नाचाच्या कार्यक्रमांचे कपडे शिवते. हे वर्षभराचं बँकेचं स्टेटमेंट आणि हे इन्कम टॅक्सचे कागद.

मालक : इथे बघा, एकदम भरघोस जमा. आणि पुढे दोन महिने नुसता ठणठणाट.

मुलगी : प्रयोग लागला की नाटकवाले सगळे पैसे एकदम देतात. मधल्या दिवसांत मी पुढच्या नाटकाचं शिवत असते. त्या ठणठणाटातही माझ्या आताच्या खोलीचं भाडं वेळेवर गेलेलं दिसेल तुम्हाला.

मालक : हं, गेलंय खरं. पण काका फोनवर म्हणाले, मुलगी घरीच असते.

मुलगी : बाबा?

वडील : अगं, मशीन घरात, म्हणजे तू घरीच ना. चुकीचं काय बोललो?

मुलगी : ऑफिसात खुर्चीवर बसायचात तुम्ही. मी लोकांना सांगितलं का, बाबा बसूनच असतात?

मालक : हे बघा, वाद नको. सोपा मार्ग सांगतो. काकांना पेन्शन आहे. करार त्यांच्या नावावर करू, आत्ता चावी देतो.

वडील : घ्या, मिटलं. कुठे सही करू?

मुलगी : थांबा बाबा. भाडं मी भरणार, तर करार माझ्या नावावर.

वडील : हट्ट करू नकोस. माझ्या घरचे तीन जिने मला चढावे लागतात, तुला नाही. तळमजल्याची जागा पुन्हा मिळेल का?

मुलगी : तुमच्या गुडघ्यांसाठीच तर हिंडतेय. दादा, तुमचं चष्म्याचं दुकान आहे ना? तुम्हाला कोण देतं पगाराची स्लिप?

मालक : माझी गोष्ट वेगळी. दुकानाला शटर आहे, पाटी आहे. उद्या तुमचं काम बंद पडलं तर?

मुलगी : नोकरी जायला एका साहेबाची मर्जी फिरली तरी पुरते. माझं काम बंद पाडायचं, तर सगळ्या नाटकवाल्यांनी आणि नाचाच्या क्लासवाल्यांनी मिळून ठरवावं लागेल. आणि त्यांचं आपसात कधी पटत नाही.

मालक : बोलण्यात हार जाणार नाही तुम्ही.

मुलगी : माझ्या बोलण्यावर जाऊ नका. ही गिऱ्हाइकांची बिलं, प्रत्येकावर फोन नंबर आहे. तुम्हाला वाटेल त्याला लावा. मी मध्ये बोलणार नाही.

मालक : लावतो. या नाचाच्या बाईंना लावतो.

(मालक फोन लावतात.)

मालक : नमस्कार. तुमचे कपडे शिवतात त्या ताई माझी जागा भाड्याने बघतायत… हो, त्याच. पैसे वेळेवर देता का त्यांना?… काय?… बरं, बरं. सांगतो.

वडील : काय म्हणाल्या?

मालक : म्हणाल्या, पैसे थकवले की पुढचे कपडे हातात मिळत नाहीत, म्हणून सगळे वेळेवर देतात. आणि मलाच झापलं, लवकर चावी द्या, आमचे घागरे अडलेत.

वडील : तुला इतकं घाबरतात लोक?

मुलगी : घाबरत नाहीत बाबा. गरज आहे त्यांना माझी.

मालक : ठीक आहे, माझी हरकत नाही. फक्त जोडीला काकांचीही सही असती, तर मी अगदी निर्धास्त झालो असतो.

मुलगी : बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला करायची असेल तर करा.

वडील : नको. पेन्शन माझ्या औषधपाण्याला आहे. घर ही घेतेय. मी हिच्याकडे राहायला येतोय.

मालक : मग काका, तुमचं नाव कुठे घालू?

वडील : खाली असेल ना कुठेतरी, सोबत राहणारे म्हणून. तिथे घाला.