दिलेला क्रेट परत येतो का

ऐका, टोमॅटोच्या गाळ्यावरचा पावतीचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय, मोबाइलवर व्हिडिओ बघून. प्रत्येक वजनकाट्याला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा स्वतंत्र धागा, आणि तो प्रत्येक पावतीसाठी छपाईचा छोटा प्रोग्राम सुरू करतो, त्याच्याशी मजकुराची देवाणघेवाण करायला पाइप, म्हणजे वाटा उघडतो. पण ऐन हंगामात रोज दुपारी कॉम्प्युटर गप्प. रांगेतले शेतकरी म्हणायला लागले, “शेठ, आम्ही शेजारच्या गाळ्यावर उतरवतो.”

इंजिनिअर बोलावला. तो म्हणे, “काका, हे तुमचं काम नाही. नवं मशीन घ्या.”

“मशीन बदलणार नाही. छपाई झाल्यावर त्या छोट्या प्रोग्रामचं काय होतं?”

“संपतो.”

“आणि त्याच्याशी बोलायला उघडलेला पाइप?”

“होतो आपोआप बंद.”

“शेतकऱ्याला माल भरायला दिलेला माझा क्रेट नाही परत येत आपोआप. शेतकऱ्याकडून मागून घेतला नाही, तर दुपारी गाळ्यात एक उरत नाही.”

त्याच्यासमोरच उघड्या पाइपांची यादी काढली. प्रत्येक पावतीमागे दोन वाढत होते, आणि कॉम्प्युटर ठराविकच उघडू देतो; दुपारपर्यंत ते संपायचे. मी दोन ओळी टाकल्या: छपाई संपेपर्यंत थांब, मग पाइप बंद कर.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या गाडीपर्यंत पावत्या निघाल्या. संध्याकाळी त्याचा फोन. “काका, चाललं का?”

म्हटलं, “चाललं. तुझं एखादं मशीन दुपारी झोपत असेल तर आण गाळ्यावर, बघतो.”