एका घरात दोन लॅपटॉप

ताई: पिशवी खाली ठेव. दुरुस्तीच्या टेबलावर नको, स्क्रू ओळीनं मांडलेत मी. हां. आता सांग, कॉलेजनं नेमकं काय लिहिलंय?

धाकटा: एकच ओळ आहे. विद्यार्थ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप असावा. म्हणजे गेमिंगचाच ना, ताई?

ताई: बहुतेक तोच. गेम खेळायला जे कार्ड लागतं तेच गेम बनवायला लागतं, ॲनिमेशनलाही. तू काय बघून ठेवलायस?

धाकटा: हा बघ फोटो. कीबोर्डला दिवे आहेत, रंग बदलतात. आणि पातळ किती आहे, वहीसारखा. भारी आहे ना?

ताई: याचाच एक भाऊबंद आत्ता माझ्यासमोर पाठ उघडून पडलाय. वाक इकडे. आत काय दिसतं?

धाकटा: पंखा.

ताई: एकच पंखा. आणि उष्णता बाहेर न्यायला तांब्याची नळी, तीही एकच. पातळ करायचा म्हणून बाकीचं काढून टाकलं. खोक्यावर कार्डाचं नाव मोठ्या मशीनचंच असतं, पण आत त्याला वीज कमी देतात, नाहीतर तापून बसेल. नाव पैलवानाचं आणि खुराक चिमणीचा.

धाकटा: आणि दिवे?

ताई: दिवे छान लागतात. ज्या बाई हा दुकानात घेऊन आल्या त्या म्हणाल्या, स्क्रीन काळी आहे पण दिवे लागतायत, म्हणजे बिघाड किरकोळ असेल. मदरबोर्ड गेलाय.

धाकटा: बरं, नको हा. मग काय बघायचं?

ताई: कार्डाची स्वतःची मेमरी सहा जीबी तरी हवी. पंखे दोन हवेत. रॅमची एक खाच मोकळी हवी, म्हणजे पुढे वाढवता येते. आणि स्क्रीनवर रंग खरे दिसायला हवेत, ते कोणी बघतच नाही. वजन, दिवे, बॅटरी सगळं नंतर. बॅटरी यातल्या कुठल्याच मशीनची टिकत नाही, चार्जर दप्तरात ठेवायचा आणि खांदा दुखवून घ्यायचा.

धाकटा: असलं मशीन बाबा म्हणतात तेवढ्यात बसेल?

ताई: बाबा कुठे आहेत?

धाकटा: बाहेर, स्कूटरपाशी. म्हणाले, आधी तू बोलून घे, तुझं ती ऐकते.

ताई: माझ्याशी बोलायला त्यांना वकील लागायला लागला. काय बोलायचंय?

धाकटा: तुझ्या नावावर मिळतो ना, तो घ्यायचा म्हणाले. आई सांगत होती, दुकान दर तीन वर्षांनी प्रत्येक कामगाराला एक लॅपटॉप खरेदीच्या भावात देतं. या वेळी तुझा नंबर लागलाय म्हणे.

ताई: आईनं एवढंच सांगितलं?

धाकटा: एवढंच. का?

ताई: मी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एकाच वाक्यात सांगितल्या, भांडी पुसता पुसता. तिनं अर्धं वाक्य बाबांपर्यंत पोचवलं. म्हणजे तुमच्या कामाचं अर्धं.

धाकटा: दुसरं काय सांगितलं होतंस?

ताई: की मी प्रवेश घेतलाय. शनिवार-रविवारचा वर्ग, ॲनिमेशनचा. आतल्या खोलीत खोकं आहे, त्यावर माझं नाव लिहिलंय. ते त्यासाठी मागवलंय.

धाकटा: तू परत कॉलेजला जाणार? पण तुला तर ते आवडलंच नव्हतं.

ताई: कोण म्हणालं?

धाकटा: बाबा. नेहमी म्हणतात. मला प्रवेश मिळाला तेव्हासुद्धा म्हणाले, नीट विचार कर, ताईसारखं करू नकोस. तिनं हौसेनं प्रवेश घेतला आणि दीड वर्षात कंटाळून सोडून दिलं.

ताई: कंटाळून.

धाकटा: मी पाचवीत होतो, ताई. मला जे सांगितलं तेच माहीत आहे.

ताई: तुझी चूक नाही. बस त्या स्टुलावर. माझे हात चालू राहतील, लक्ष तुझ्याकडे आहे. आमच्या लॅबमध्ये एका मशीनवर तिघी बसायचो आणि लॅब पाचला बंद व्हायची. मी बाबांना लॅपटॉप मागितला. एकदा नाही, पहिल्या वर्षी तीनदा. ते म्हणाले, कॉलेजनं प्रवेश दिलाय तर मशीन द्यायची जबाबदारी कॉलेजची. मी म्हटलं, गेमिंगचा घ्यावा लागेल, साधा चालत नाही. गेमिंग म्हटल्यावर तर विषयच संपला. म्हणाले, पोरीच्या जातीनं खेळायचं मशीन मागायचं, लाज वाटत नाही का?

धाकटा: मला तर काहीच बोलले नाहीत.

ताई: तुला कसं बोलतील? तुझं करिअर आहे. मग दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी मैत्रिणीचा जुना लॅपटॉप आणला. दीड मिनिटाची फिल्म होती. एक म्हातारी जिना चढते आणि दर मजल्यावर थोडी तरुण होत जाते, गच्चीवर पोचते तेव्हा लहान मुलगी असते. चार महिने करत होते. जमा करायच्या आदल्या दिवशी दुपारी तो लॅपटॉप तापला आणि बंद पडला तो पडलाच. डिस्क गेली.

धाकटा: दुसरीकडे ठेवली नव्हतीस?

ताई: पेनड्राईव्हवर पहिले दोन मजले होते. तेवढेच नेऊन दाखवले. सरांनी विचारलं, म्हातारी पुढे कुठे जाते? मी म्हटलं, वर. वर्गात हशा झाला. वर्ष पुन्हा करा म्हणाले. घरी आले तर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वर्षभर घरात बसण्यापेक्षा तोवर कुठेतरी लाग. ओळखीनं मला इथे काउंटरवर बसवलं. तोवर म्हणून. सात वर्षं झाली त्या तोवरला.

धाकटा: आणि दुरुस्तीचं काम?

ताई: पहिलं मशीन मी उघडलं ते मैत्रिणीचंच. इथे दुरुस्ती करणाऱ्या आमच्या उस्तादांना म्हटलं, मला शिकवा, यातलं काही परत मिळतं का बघायचंय. नाही मिळालं. पण हात बसला. आता लोक येऊन विचारतात, त्या बाई आहेत का, त्यांच्याच हातात द्यायचंय.

धाकटा: हे मला कधीच कोणी सांगितलं नाही.

ताई: तुझी अकरावी, तुझी बारावी, तुझी परीक्षा. घरात जागा कुठे होती दुसऱ्या विषयाला?

धाकटा: ताई, मग नको. तुझा तूच ठेव. मी बाबांना सांगतो, मला तो नकोय.

ताई: सांगशील?

धाकटा: सांगतो ना. खरंच.

ताई: सांग मग. आले बघ.

(काचेचं दार ढकलून बाबा आत येतात.)

बाबा: किती वेळ? मला दुपारी गोदामात परत जायचंय, माल उतरतोय. काय ठरलं?

ताई: बसा, बाबा.

बाबा: बसायला वेळ नाही. तुझी सही कुठे करायची ते सांग, आणि घेऊन निघू.

ताई: तो काहीतरी सांगणार आहे तुम्हाला.

बाबा: काय रे?

धाकटा: काही नाही. म्हणजे, ताईला पण लॅपटॉप लागणार आहे, बाबा. तिनं प्रवेश घेतलाय. मला दुसरा कुठलाही चालेल. फक्त तो तिचा जरा जास्त चांगला असणार, एवढंच.

ताई: छान सांगितलंस.

बाबा: कसला प्रवेश?

ताई: शनिवार-रविवारचा वर्ग आहे. आईला सांगितलं होतं.

बाबा: मला नाही कोणी बोललं. बरं, घेतलास तर घेतलास. त्यात अडचण काय आहे? एका घरात दोन लॅपटॉप कशाला? सोमवार ते शुक्रवार हा वापरेल, शनिवार-रविवार तू. भांडण नको, तंटा नको.

ताई: शनिवार-रविवार नुसतं शिकवतात, बाबा. जे शिकवलं ते करायचं बाकीचे पाच दिवस.

बाबा: पाच दिवस तू इथे असतेस. घरी येतेस तेव्हा मान धरलेली असते तुझी, आई पाठीला मलम चोळते. तू कधी करणार?

ताई: ते माझं मी बघेन.

बाबा: हे बघ, मी तुझ्या विरोधात नाही. पण याचं आता सुरू होतंय. तुझं बस्तान बसलंय. हातात कला आहे, मालक मान देतात. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा पाटी घेऊन बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील ते सोड, तुला तरी झेपणार आहे का?

ताई: विसाव्या वर्षी झेपत होतं. तेव्हा दिलं असतंत तर आज ही वेळ आली नसती.

बाबा: तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.

ताई: त्याच वर्षी हॉलमध्ये नवा सोफा आला.

बाबा: सोफा घरासाठी होता. सगळ्यांसाठी. तू बसत नाहीस त्यावर?

ताई: बसते की. रोज बसते.

बाबा: मग? उगाच जुनं उकरू नकोस. तू स्वतः म्हणालीस, मी कामाला जाते. मी तुझा हात धरून आणलं नव्हतं.

ताई: आणलं होतंत. याच दारातून. मालकांना म्हणालात, पोरगी हुशार आहे, पण मन लागत नाही तिचं कशात. मी तुमच्या मागे उभी होते.

धाकटा: बाबा, जाऊ दे ना. आपण दुसरा बघू.

बाबा: तू थांब. हे बघ पोरी, मी मागत नाहीये, सांगतोय. सख्खा भाऊ आहे तुझा. उद्या आम्ही नसलो की हाच आहे.

ताई: खोकं माझ्या नावाचं आहे आणि सही माझीच लागते. मी ती करणार नाही. तुम्ही उद्या या, परवा या, आईला पाठवा. मी नाही देणार.

बाबा: बरं. म्हणजे भावाला हात हलवत परत पाठवणार तू, सगळ्या दुकानासमोर.

ताई: नाही. त्याचा मी काढून ठेवलाय. त्या मागच्या फळीवर आहे तो, काळा, जाडजूड.

बाबा: तो? तो तर उघडा ठेवलाय. वापरलेला आहे?

ताई: काचेत मांडायला ठेवलेला होता. मागच्या वर्षीचा आहे, नवीन माल आला की मालक असा एखादा स्वस्तात सोडतात. तुम्ही म्हणताय तेवढ्यात बसतो. दोन आठवड्यांपूर्वी बघितला तेव्हाच मी मालकांना सांगितलं, हा विकू नका, माझ्या भावाला लागेल. पंखे काढून पुसलेत, उष्णता ओढून घेणारी आतली पेस्ट बदललीय. रॅमची एक खाच मोकळी होती, तिच्यात आणखी आठ जीबी टाकलीय.

बाबा: म्हणजे तुला नवीन आणि याला काचेतला.

ताई: याचं कार्ड माझ्यापेक्षा चांगलं आहे, बाबा. माझ्यात चार जीबी आहे, याच्यात सहा. माझ्या पैशात जे बसत होतं ते मी घेतलं.

धाकटा: खरंच? तुझ्यापेक्षा भारी आहे?

ताई: खरंच. जड आहे आणि दिसायला ओबडधोबड आहे, पण चार वर्षं काढेल. दिवे एकाच रंगाचे आहेत. तेवढं चालवून घे.

बाबा: मग हे आधी सांगायचं. एवढं सगळं बोलायची गरजच नव्हती.

ताई: तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सही मागितलीत.

बाबा: वॉरंटी आहे ना त्याला?

ताई: वर्षभर दुकानाची आहे. नंतरची माझी.

बाबा: ठीक आहे. घे रे, उचल तो. चार्जर नीट बघून घे. आणि तुझा हा वर्ग कसला आहे म्हणालीस?

ताई: ॲनिमेशनचा. याला जिथे प्रवेश मिळालाय त्याच कॉलेजात, बाबा. मी अर्धवट सोडला तोच कोर्स.

बाबा: तोच? मग चांगलंच झालं की. याला काही अडलं तर तू आहेसच.