चार पानं राहिली

...नाही, पण मी म्हणतो, पियानोच वाजवायचा होता ना, मग चित्रांच्या दालनात कशाला? तुम्हाला सांगतो, आमच्या कलासंग्रहालयात तळमजल्यावर चांगलं ऐसपैस सभागृह धूळ खात पडलंय. पण नाही! संचालकबाईंच्या डोक्यात आलं, "चित्रं आणि अभिजात संगीत यांचा संवाद झाला पाहिजे." झालं! आणि संवादासाठी केलं काय, तर तीन मोठी चित्रं भिंतीवरून उतरवून गोदामात तोंड फिरवून उभी केली. का? तर पियानोला जागा पुरेना! आता ज्याच्याशी बोलायचं त्यालाच घराबाहेर काढल्यावर संवाद कुणाशी करणार, खुंट्यांशी? अभिजात म्हणे!

मी तिथे चौकटी करतो. चित्रांच्या. एकतीस वर्षं. त्या तिन्हींतल्या मधल्या चित्राची चौकट मी तीन महिने तासत होतो, ती गेली गोदामात, आणि तिच्या जागी हे एवढं काळं धूड, वर झाकण उघडं टाकून बसलेलं, जांभई दिल्यासारखं! मी बोललो काही? एक अक्षर नाही. कारण पुढच्या महिन्यात माझी निवृत्ती, आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज बाईंच्या टेबलावर. बोलतोय कसला!

तर रविवारी दुपारी बाई धावत माझ्या कार्यशाळेत. "अहो, ऐका ना, वादकाची स्वरलिपीची पानं उलटणारे गृहस्थ तापाने आडवे झालेत. तुम्ही उभे राहाल?" म्हटलं, बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "त्यात कळायचंय काय? शंभर वर्षांचं चित्र हलक्या हाताने उचलता, एक कागद नाही उलटणार?" आणि जाता जाता, अगदी सहज हं, "तुमचा अर्जही बघायचाय मला." संपलं! अडला हरी म्हणतात ना, तसं. फक्त इथे हरी बाई, गाढव मी, आणि पाय धरायचे तेही मीच!

पहारेकऱ्याचा काळा कोट माझ्या अंगात कोंबला. बटण लावलं की श्वास बंद, श्वास घेतला की बटण सुटलं. आणि तो वादक! किडकिडीत, दालनात उकडतंय तरी गळ्यात मफलर. मला म्हणतो, "बाकी सगळं पाठ आहे. शेवटची रचना नवीन आहे, तेवढी बघून वाजवणार. बावीस पानं. मी मान हलवली की उलटा." म्हटलं, बरं. मान हलली की पान हललं. सोपं आहे.

सुरुवातीचा तासभर मी बाजूच्या स्टुलावर. आणि समोर ते श्रोते... अहो, काय सांगू! पहिल्या रांगेत एक गृहस्थ डोळे मिटून, हनुवटी छताकडे. समाधी? घोरत होते! शेजारची बाई हवेत बोटं नाचवतेय, पियानो थांबला तरी तिची बोटं चालूच. मधेच कुणी भाबड्याने टाळी वाजवली, तर चाळीस डोकी गर्रकन वळली, "श्शऽऽ!" जसा काही त्याने खिसाच कापला! तिसऱ्या रांगेत फुकटच्या पासावर माझी बायको आणि मेहुणी. बायको बोट दाखवतेय, "ते काळ्या कोटातले आमचे." मेहुणी म्हणते, "आणि हे वाजवणार कधी?" अभिजात म्हणे!

मग शेवटची रचना. उभा राहिलो. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाची मान धडाला जोडलेलीच नव्हती! वाजवायला लागला की गोलगोल, वरखाली... मी उलटलं पान. तर दातओठ खाऊन, "मागे! मागे!" घेतलं मागे. समोरची बोटंवाली म्हणते, "आहा, गुणगुणतायत!" शेवटी तोच हळूच म्हणाला, "मी 'हं' म्हणेन." हं म्हटलं की पान. हं, पान. हं, पान. गाडी रुळावर आली.

अठरावं पान. तिथे सगळं हळू झालं. एक स्वर, मग काहीच नाही, मग पुन्हा एक... आता हसू नका. आमचे वडीलही सुतार. म्हातारपणी हात कापायचा, काम सुटलं होतं, तरी दुपारी यायचे आणि मी केलेल्या चौकटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवायचे. सांधा हाताला लागतो का, बघायला. नुसतं बोट फिरवून निघून जायचे. ते जाऊन झाली बावीस वर्षं. आणि तिथे, त्या घट्ट कोटात, मला वाटलं तेच बोट कुणीतरी पुन्हा...

"हं." ऐकलंच नाही मी. "हं!" नाही. "हं!!" आणि थांबलं सगळं. त्याचे दोन्ही हात हवेत, नजर माझ्यावर.

दालन गार. आणि त्या शांततेत बाई ओरडल्या, "वाहवा!" झालं! सगळे उभे, टाळ्यांचा कडकडाट! तो बिचारा हात वर करून, "थांबा, अजून..." यांना वाटला विनय. टाळ्या दुप्पट! घोरणारे जागे झाले, म्हणतात, "काय शेवट केला!" बोटंवाली, "तो शेवटचा थांबा! काटा आला अंगावर!" त्याच्या हातात पुष्पगुच्छ कोंबला आणि वरात निघाली चहाकडे. चार पानं राहिली, आणि अख्ख्या दालनात कुणाला पत्ता नाही! अभिजात म्हणे!

मी गेलो वादकाला दिलेल्या खोलीत, शिव्या खायला. म्हटलं, चूक माझी. तो म्हणाला, "का नाही उलटलंत?" म्हटलं, ऐकत होतो. मग म्हणाला, "म्हणजे एक जण तरी ऐकत होता." मी धीर केला, "दालन आता रिकामं असेल. ती चार पानं... वाजवता?" उठलाच तो! चहा टाकून आम्ही दोघं लगबगीने दालनात. तर काय! पियानो भाड्याचा. हमालांनी तिन्ही पाय काढून तो आडवा केलेला, वर घोंगडी, दोरी आवळतायत. आम्ही दोघं बघत उभे. "येतो," म्हणाला, आणि गाडी गाठायला गेला.

दुसऱ्या दिवशी मुदतवाढ मिळाली. बाई म्हणाल्या, "किती रंगवलात हो कार्यक्रम!" घरी बायको म्हणते, "मग तोंड का उतरलंय?" म्हटलं, अगं, पुढे काय होतं ते कळलंच नाही. तर म्हणते, "तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?"

खरंय तिचं. एकतीस वर्षं मी या लोकांना नावं ठेवतोय, की यांना कशातलं काही कळत नाही. आयुष्यात एकदा मला कळायला लागलं, तर ते बंद पाडणारा मीच! आता तुम्हीच सांगा... तक्रार कुणाची करू?