चाळीस घोंगड्या

सिद्धाप्पा : न्हाय म्हंजे न्हाय, ऋतुजा. वर्दीला आपली घोंगडी द्यायची न्हाय. माझा सख्खा भाऊ होमगार्डात गेला, त्यालाबी दिली न्हाय.

ऋतुजा : पण आप्पा, घर सोडून निघणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही विणून देता की. सोमवारी मी अग्निशमन दलात हजर होणार. सख्खी नात, आणि रिकाम्या हातानं जाऊ?

सिद्धाप्पा : दुसरी नोकरी बघायची हुतीस. इंग्रजाच्या काळात भवानी पेठ पेटली, तवा गोऱ्यांची पलटण आली. आग ऱ्हायली बाजूला, माझ्या पणज्याच्या दुकानातल्या घोंगड्या लुटून नेल्या. पेठ जळतीया आन ह्यांना ऊब पायजे.

ऋतुजा : तेच मला लहानपणापासून कळेना. सोलापूरचा उन्हाळा, समोर आग, आणि घोंगडी कशाला? म्हणून कॉलेजच्या मॅडमना विचारलं. त्यांनी पुण्याच्या जुन्या दप्तरातून त्या पलटणीच्या साहेबाचा अहवाल काढला. हा बघा फोटो.

सिद्धाप्पा : इंग्रजी मला काय दावतीस? वाच.

ऋतुजा : ‘चाळीस घोंगड्या विहिरीत बुडवून आगीपुढच्या छपरांवर पसरल्या. आग तिथंच थांबली.’

सिद्धाप्पा : मी चोरी केली, आसं साहेब सोताच्या हातानं लिवल व्हय?

ऋतुजा : मीपण लगेच खरं नाही मानलं. म्हणून तुम्हाला विचारते. लोकर पेटते का?

सिद्धाप्पा : जाळ धरत न्हाय. करपती आन इझती. भिजली तर करपायलाबी येळ लागतो.

ऋतुजा : आणि देवाच्या पेटीतली ती घोंगडी? पलटण गेल्यावर रस्त्यात सापडलेली?

सिद्धाप्पा : ती कोरी हाय, दुकानातली. कुनी अंगावर घेतली न्हाय, पाण्याला लावली न्हाय. दरसाल घडीवरच हळद वाहतो. थांब, काढतो.

(पेटी उघडल्याचा आवाज. सिद्धाप्पा घडी उलगडतो आणि मध्येच थांबतो.)

ऋतुजा : काय झालं, आप्पा?

सिद्धाप्पा : कडा धड हायत. मधी बघ, बारकी बारकी भोकं. वरनं ठिणग्या पडल्यात. पसरलेली हुती ही. आन हात लाव.

ऋतुजा : मऊ आहे.

सिद्धाप्पा : तेच की. कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ आसती, पत्र्यावानी कडक. पाण्याबिगर ती जात न्हाय. जन्म मागावर गेला माझा, आन ही घडी कदी उलगडली न्हाय. लई लाज वाटती बघ.

ऋतुजा : म्हणजे अहवाल खरा.

सिद्धाप्पा : पणज्याचं नाव हाय का त्यात?

ऋतुजा : नाही. ‘चाळीस घोंगड्या’, एवढंच.

सिद्धाप्पा : मग निम्माच खरा. न इचारता नेल्या, त्याचा राग हाय मला. तो ऱ्हाणार.

ऋतुजा : राहू दे. आणि माझी घोंगडी?

सिद्धाप्पा : आजच मागावर बसतो. पण लहान इणतो.

ऋतुजा : लहान का?

सिद्धाप्पा : भिजल्यावर तुला एकटीला उचलाय यायला पायजे.