व्हाळातली हाक

“सूनबाई बहिरी आहे गं! हाका मारून माझा घसा सुकतो, पण ओ म्हणून देत नाही. दिवाळीला माहेरी धाडीन, ती परत आणायचीच नाही.”

ऐका. हे सासूबाई शेजारच्या भिकीकाकूच्या कानात सांगत होत्या, आणि दाराआड भाकरी फडक्यात बांधणाऱ्या सुनेला त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. बहिरी कसली! लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, वैदेही. पण जन्मभर जी शेवंती, ती मूठभर तांदळानं वैदेही होते होय? कुणी वैदेही म्हटलं की तिला वाटे, असेल कुणीतरी. आणि हे बोलून दाखवायची लाज.

भातकापणीचे दिवस. मामंजी राखणीला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे शेतातल्या मांगरात, त्या खोपटात झोपायचे. शेवंती त्यांचं जेवण पोचवून निघाली, तोवर काळोख पडला.

“पोरी, डोंगरावर विजा होतायत. थांब इथंच.”

तिनं मान हलवली आणि निघाली. उशीर झाला तर आणखी एक बोल लागेल, एवढंच डोक्यात!

व्हाळ आला. पाणी घोट्याएवढं. डोक्यावर चांदणं, आणि वर डोंगरात गडगड, गडगड. तिनं पाऊल उचललं, तोच मधून हाक आली. हुबेहूब सासूबाईंचा आवाज.

“वैदेही! ये गो, पाणी नाही!”

आता गिऱ्हा ठाऊक आहे ना? पाण्यातलं भूत. ते हाक देतं. ओ दिली की तुमचे पाय त्याचे झाले. पण आमच्या शेवंतीनं काय केलं? हसू नका! तिला वाटलं, मागून कुणी वैदेही येतेय. पदर सावरून ती बाजूला झाली. जाऊ दे बाईला आधी!

“वैदेही! आटप की!”

शेवंतीनं मागं पाहिलं. वाट रिकामी.

मग व्हाळात बॅटरी चमकली. आवाज नवऱ्याचा, आणि नवरा तर सकाळीच तालुक्याला गेलेला! “वैदेही, हात दे.”

आले वाटतं, शेवंतीच्या मनात आलं. आणि आल्या आल्या परक्या बाईला हात!

गिऱ्हा चिडलं. पाणी सरसर ओसरलं, कोरडे दगड वर आले. अगदी पायऱ्याच! “वैदेहीऽऽ!”

आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख पडलं. अगो बाई, वैदेही म्हणजे मीच की! कधी नव्हे ते ओ द्यायला तिनं तोंड उघडलं...

“शेवंते! ए शेवंते! मागं हो!”

पलीकडे, घराकडच्या काठावर, कंदील. विजा पाहून सासूबाई धावत आल्या होत्या. पाठवणीच्या वेळी तिच्या बापानं रडत मारलेली ‘शेवंते’ ही हाक त्यांच्या कानात राहिली होती. वैदेहीला ही पोर ओ देत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

शेवंतीनं मागं उडी मारली. तोच वरून लोंढा आला. माती, झाडं, दगड! ती उभी होती तो काठसुद्धा गेला. बॅटरी गेली. फक्त पाण्याचा आवाज उरला, आणि त्यात कुणीतरी हिरमुसून हसल्यासारखं.

म्हणून सांगतो, आपल्या डोक्यावर चांदणं असलं तरी डोंगरावर वीज दिसली, की व्हाळाची वाट धरू नका. पाऊस तिकडे पडतो, मरण इथं येतं.

सकाळी पाणी उतरलं. मामंजी तिला हाताला धरून अलीकडे घेऊन आले. सासूबाई काठावरच बसून होत्या, कंदील अजून जळत होता. शेवंती त्यांच्या पाया पडली, ती उठेचना.

“बहिरी नाहीस तर,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “मग सांग बाई, हाक तरी काय मारू तुला?”

आणि शेवंती त्या घरात पहिल्यांदा सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलली, “दिवसा वैदेही म्हणा, आई, मी शिकेन ओ द्यायला. पण आभाळ गडगडलं की शेवंतीच म्हणा. गिऱ्ह्याला ते नाव ठाऊक नाही.”