आधीचं पाणी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेबाहेर एकच बाक होता. माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर दोन बाटल्या.

"आई, यातली थेट विहिरीतली कुठली?"

"निळ्या झाकणाची."

"ही तर नितळ आहे! कारखान्याचा रंग उतरून विहीर लाल झाली, तो लाल कुठे गेला?"

"तीपण गाळली मी."

"काय?"

"चारचौघांत असलं पाणी आणायचं? मला नाही बाई जमत."

"अहो आई, आधीचं आणि कोळशातून गाळलेलं, दोन्ही दाखवल्याशिवाय आपल्या कोळशाचा गुण इथल्या साहेबांना कळणार कसा? आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय विहिरीचं टाळं निघणार नाही."

"मला कळलाय गुण."

"तुमच्या कळण्यानं टाळं निघतंय होय! ... थांबा. गाळलंत कशातून? नवा कोळसा तर अजून भट्टीत आहे."

"जुन्यातून. कपाशीच्या पऱ्हाट्या कोंडून जाळल्या होत्यास, त्या."

"तो दमला, रंग धरेना, म्हणून मी फेकायला काढला होता!"

"तुला फेकायची भारी हौस."

"किती वेळा गाळलंत?"

"एकदाच. स्वयंपाक कोण करणार होतं?"

"एकदाच? आणि इतकं नितळ?"

"मग! कोळसा कुणाच्या सुनेचा आहे?"

दार उघडलं. आतून एकानं मान बाहेर काढली.

"विहिरीचं पाणी कोणाचं? आधी न गाळलेलं द्या."

सून उठली, पण सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"आमच्याकडे गाळलेलंच आहे, साहेब. लाल बघायचं तर विहिरीवर या. तुमच्यासमोर गाळून दाखवते माझी सून."